रेषेखालचा ठिपका

आई, कावळा लगेच शिवला.

रामकुंडावर तुमच्या दहाव्याला आम्ही सगळे तयारीनेच गेलो होतो. कावळा अडून बसणार, अशी माझी पक्की खात्री होती. तुमच्या मुलाने, सुहासने, तर काय काय कबूल करायचं ते मनात ठरवून ठेवलं होतं. आमच्या मृणालचं शिक्षण पूर्ण करू, वणीच्या देवीला दरवर्षी साडी नेऊ, असं बरंच काही. आणि कसलं काय! गुरुजी पिंड ठेवून दोन पावलं मागे सरकतात न सरकतात तोच एक कावळा आला, घास उचलला आणि गेला. "केवढी तृप्त होती हो बाई," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र तिथे उन्हात उभी राहून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. एवढी घाई? पंधरा वर्षं "जाते, जाते" म्हणून माझं डोकं खाल्लंत, आणि निघालात तर मागे वळून बघायलासुद्धा थांबला नाहीत?

तेव्हापासून एकच किडा डोक्यात वळवळतोय. तुम्हाला खरोखरच जायचं होतं का? आणि मी तुम्हाला या घरात कोंडून ठेवलं का? याचं उत्तर देऊ शकेल असं तुमच्याशिवाय कुणी नाही. तुमच्या मुलाला विचारायची सोय नाही, कारण त्याला यातलं काहीच माहीत नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. सासूबाई होतात तेव्हा विचारायला लाज वाटली, आता कसली लाज.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मृणालही तिच्या हॉस्टेलवर परतली. इंदिरानगरच्या या दोन खोल्यांत पहिल्यांदाच जागा जास्त झाल्यासारखी वाटतेय. मी तुमच्या दिवाणावर बसलेय आणि समोर तुमची ती भिंत.

काय ती भिंत, आई! लोकांच्या घरात भिंतीवर देव असतात, कॅलेंडर असतं, लग्नाचा फोटो असतो. आमच्या भिंतीवर एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या शेअरचा भाव. आलेखाच्या कागदाला कागद चिकटवून केलेला, हॉलच्या कोपऱ्यातून निघालेला, कपाटामागून सरकत स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीपर्यंत आलेला. रोजचा एक ठिपका, टोकदार पेन्सिलीने. आणि या सगळ्याच्या वरून, पट्टीने मारलेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाल रेषा. चारशे दहा. तुम्ही शेअर घेतलेत तो भाव.

तुमचं खरं म्हणजे सगळं ठरलेलं होतं. मनमाडच्या शाळेत गणित शिकवत तुम्ही एकटीने मुलगा वाढवलात, एका खोलीत, स्वतःच्या कुलपात. रिटायर झाल्यावर वणीला माहेरच्या गावी एक खोली बांधायची, दारात बसलं की समोर गड दिसला पाहिजे, आसपासच्या चार पोरांना गणित शिकवायचं आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसायचं. तुमच्या भावाने घरामागची जागाही मोकळी ठेवली होती. पण ते साल नेमकं ब्याण्णव! स्टाफरूममध्ये फळ्यावर धडा कमी आणि शेअरचे भाव जास्त. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे श्रीमंत व्हायला निघालेले. तुम्हीही फंडाचे पैसे आले ते उचलून त्या कंपनीत घातलेत. का, तर "माझे तीन विद्यार्थी आहेत तिथे सुपरवायझर, ते मला बुडवणार नाहीत." त्या तिघांनी तुम्हाला बुडवलं नाही हे खरं. पण भाव चारशे दहाला जो टेकला तो तिथून घसरायलाच लागला. सहा महिन्यांत पैसे दुप्पट होतील आणि एकाऐवजी दोन खोल्या बांधू, हा तुमचा हिशोब. सहा महिन्यांनी तुम्ही ट्रंक, स्टोव्ह आणि ते पितळी कुलूप घेऊन आमच्या दारात.

"चार महिन्यांचा प्रश्न आहे, सुनंदा," असं म्हणाला होतात. "भाव रेषेला लागला की मी चालले. तुझ्या संसारात लुडबुड करायची मला हौस नाही."

"बसा हो निवांत," मी म्हणाले. मनात म्हटलं, देवा, लवकर वाढव रे तो भाव.

शेअरवाल्यांच्या बोलण्यात एक शब्द आहे. घेतल्या भावाच्या खाली भाव गेला की ते म्हणतात, माल अडकला. तुमचा माल अडकला, मालापायी तुम्ही अडकलात आणि तुमच्यापायी मी. विकून मोकळ्या व्हा, असं तुमचा मुलगा किती वेळा म्हणाला. तुमचं एकच उत्तर, "तोट्यात विकायला मी काय कांदे घेऊन बसलेय?" दोन खोल्या, त्यात तो शिफ्टवरून येऊन दिवसा झोपायचा. मग आपण दोघी आवाज न करता भांडायचो. भांडी आपटायची नाहीत, दार आपटायचं नाही, तोंड वर करून बोलायचं नाही. तसं दबक्या आवाजात भांडून भांडून माझा तर घसाच बसला. मनासारखं ओरडायला मिळावं म्हणून मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे आणि तिथे चिमट्यांवर राग काढायचे. तुम्ही काय करायचात? पेन्सिलीला टोक.

एका दिवाळीला रंगारी आला. मी म्हटलं, भिंत आता मोकळी करा, आलेख गुंडाळून ठेवा, नंतर परत लावू. तुम्ही भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभ्या. "आलेख हलला की मोजमाप हललं!" शेवटी तो रंगारीच म्हणाला, "ताई, मी कडेकडेनं मारतो ना." आणि खरंच त्याने आलेखाच्या भोवतीने रंग मारला. आजही कागद जरासा उचलला तर मागे जुना हिरवा रंग दिसतो. लग्न झाल्यावर मी आवडीने निवडला होता तो.

दसऱ्याला पाटावर तुमचा मुलगा पाना-पक्कड ठेवायचा, मी कात्री आणि विळी, मृणाल कंपासपेटी. आणि तुम्ही कपाटातून मनमाडचं ते कुलूप काढायचात. तेलाचं बोट फिरवून, किल्ली दोनदा फिरवून बघून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायचात. "गंजायला नको. लागणार आहे लवकरच," म्हणायचात. मला ते लागायचं. कुणाच्या घरात राहून त्या घराला रोज धर्मशाळा म्हणण्यासारखंच होतं ते. एकदा मी म्हणालेच, "लागेल तेव्हा लागेल, आत्ता आधी श्रीखंड खा." तुम्ही खाल्लंत. वर "वेलची जास्त झालीय" असंही म्हणालात.

पण गोष्ट खरी आहे ती सांगते. माझ्यातली अर्धी अक्कल त्या भिंतीने दिली. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला तसं पेपर वाचायचं काम माझ्याकडे आलं. सकाळचा चहा, समोर पेपर, बारीक अक्षरांच्या त्या मुंग्या. मी आपली वाचत सुटायचे, उघडला किती, चढला किती, उतरला किती. तुम्ही हात वर करायचात, "दिवसभर कुठे नाचला ते नको सांगू. रात्री झोपताना कुठे होता तेवढं सांग." म्हणजे बंद भाव. आणि नुसता आजचा आकडा सांगितला तर चिडायचात. "एकट्या ठिपक्याला काही अर्थ नसतो, सुनंदा. आधी कुठे होता ते माहीत असेल तरच आज कुठे आहे ते कळतं." रविवारी आणि सोमवारी पेपरात भाव नसायचे, तेव्हा तुम्ही घरभर चिडचिड करत फिरायचात आणि दोन्ही दिवस माझ्या आमटीत खोट निघायची.

तुम्हीच मला दाखवलंत की दर उन्हाळ्यात भाव जरा चढतो, कारण विहिरी खोल जातात आणि शेतकरी पंप घेतो. "बघ, ही सगळी टेकाडं फाल्गुन-चैत्रातली," म्हणून पेन्सिलीने दाखवलंत. मला गंमत वाटली. शाळेत गणितात काठावर पास झालेली मी, मला आलेखात उन्हाळा दिसायला लागला. आणि मग एक दिवस तुम्हीच म्हणालात, "घरात बसून माझ्याशी भांडतेस, त्यापेक्षा बाहेर जा, पगार घेऊन भांड." पतसंस्थेतल्या नोकरीचा अर्ज तुम्हीच भरायला लावलात. मी नोकरीला लागले आणि संध्याकाळचा स्वयंपाक तुमच्याकडे आला. काय ती खिचडी, आई! जन्मभर एकटीसाठी रांधलेल्या बाईची खिचडी, ना फोडणी ना मीठ. पण दमून आल्यावर ताट वाढून ठेवलेलं असायचं आणि वर झाकण असायचं. माझ्या सख्ख्या आईनेही माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं नव्हतं, आम्ही पाच भावंडं, कुणाकुणाचं झाकणार ती. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. खिचडी अळणी आहे एवढं मात्र रोज सांगितलं.

मग तो बोनस आला. एका शेअरवर एक शेअर फुकट. तुमचा मुलगा पेढे घेऊन आला. तुम्ही तो नवा कागद सप्तशृंगीच्या तसबिरीखाली ठेवलात आणि जाहीर केलंत, "हा देवीचा प्रसाद. प्रसाद हिशोबात धरायचा नसतो." दुसऱ्या दिवसापासून भाव निम्म्यावर. भिंतीवर सरळ कडाच कोसळला. "बोनसनंतर पडतोच, भरून निघेल," असं तुम्ही म्हणालात आणि लाल रेषा होती तिथेच ठेवलीत, चारशे दहावर. आम्ही कोण बोलणार? घरात गणित कळणाऱ्या तुम्ही एकट्या. पुढे डिमॅट झालं, कागद गेला, तरी त्याची झेरॉक्स देवीखाली राहिली आणि तिला रोज उदबत्ती मिळत राहिली.

पण त्याच्या आदल्याच वर्षीची गोष्ट मला आठवते. मृणाल पाचवीत होती. अपूर्णांक चुकवले म्हणून तुम्ही तिला स्वयंपाकघरात आणलंत, माझ्या टोपलीतली भाकरी उचललीत आणि तिच्या नाकासमोर मोडलीत. "बघ! दोन तुकडे झाले म्हणून दोन भाकऱ्या झाल्या का गं, बाई? भाकरी तेवढीच!" पोरगी रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, अहो, भाकरी जेवायची आहे, गणितं सोडवायला नाही केलेली.

ती भाकरी मला पाच-सहा वर्षांनी आठवली. मृणाल तेव्हा अकरावीत, तिला प्रोजेक्टची माहिती हवी होती म्हणून मी आपल्या बिल्डिंगमधल्या वैशालीच्या सायबर कॅफेत गेले होते. मृणालचं काम झालं, वेळ शिल्लक होता, म्हणून वैशालीला सहज विचारलं, "काय गं, यात शेअरचे जुने भाव दिसतात का?" तिने कंपनीचं नाव टाकलं आणि सगळी वर्षं धडाधडा पडद्यावर आली. तुम्ही ठिपका ठिपका करून जे भिंतीवर चढवलं होतंत, ते या यंत्राने एका घोटात दाखवलं. मला तुमच्या वतीने रागच आला. मग मी म्हटलं, ब्याण्णवचा महिना काढ. काढला. तिथे भाव होता दोनशे पाच.

"अगं, चुकीचं आहे हे," मी म्हणाले. "आम्ही चारशे दहाला घेतलेत. भिंतीवर आहे आमच्या!"

वैशाली हसली. "ताई, मध्ये बोनस आला होता का?"

"आला होता. एकाला एक."

"मग बरोबर आहे. एकाचे दोन झाले ना, म्हणून मागचे सगळे भाव निम्मे करून दाखवतात. नाहीतर जुन्याची आणि आजची तुलना कशी करणार? त्या दिवशी भाव पडलेला दिसतो, पण खरं म्हणजे कुणाचं काही गेलेलं नसतं."

"म्हणजे आमचा घेतलेला भाव…"

"दोनशे पाच धरायचा. आणि आज किती आहे? दोनशे बारा. सुटलात की तुम्ही!"

सुटलात की तुम्ही. आई, मी त्या खुर्चीत बसून राहिले. बारा वर्षं ज्या शब्दासाठी मी सप्तशृंगीला नवस बोलत होते, तो शब्द वैशालीने मला एका तासाच्या भाड्यात दिला. घरी जायचं, रेषा अर्ध्यावर आणायची, "आई, भाव आला!" म्हणून ओरडायचं. दोन खोल्या मोकळ्या, भिंत मोकळी, गळा मोकळा. पण मी काही उठले नाही. पहिलं डोक्यात आलं ते असं की, तुम्ही गेलात तर मृणालकडे कोण बघणार. मग लक्षात आलं, की मृणाल अकरावीत आहे, तिच्याकडे बघायला गेलं तर तीच डोळे वटारते. मग वाटलं, माझ्या नोकरीचं काय. तेही खरं नव्हतं. खरं काय होतं ते मी वैशालीच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून स्वतःशीच कबूल केलं. संध्याकाळी दार उघडावं आणि आत कुणी भांडायला नसावं, हे मला नको होतं.

मी घरी आले. तुम्ही विचारलंत, "एवढा वेळ कुठे होतीस?" मी म्हटलं, "वैशालीकडे." दुसऱ्या दिवशी पेपर वाचला, "दोनशे चौदा." तुम्ही ठिपका लावलात, लाल रेषेकडे मान वर करून बघितलंत आणि म्हणालात, "फार लांब आहे अजून."

"हो ना," मी म्हटलं.

तेव्हा मी स्वतःची समजूत अशी घातली, की भाकरी मोडून दाखवणारी ही बाई. हिला कळत नाही असं होईल? हिला जायचंच असतं तर हिने त्याच दिवशी पट्टी घेऊन रेषा खाली आणली असती. म्हणजे हिलाही जायचं नाही. ही समजूत मला तीन वर्षं छान पुरली. रात्री झोप लागली, दिवसा भांडता आलं. पण रामकुंडावर तो कावळा उडाला आणि ती समजूतही त्याच्याबरोबर उडून गेली. समजा, तुम्हाला खरंच कळलं नसेल तर? गणिताची बाई झाली म्हणून काय झालं, देवीचं नाव आलं की भले भले हिशोब विसरतात. समजा, तुम्ही रोज सकाळी खरोखर आशेने त्या रेषेकडे बघत असाल, आणि दार उघडं आहे हे मला ठाऊक असून मी तुमच्यासमोर बसून चहा पीत असेन तर?

हे मी स्वतःला विचारते आणि मग मला गेल्या महिन्यातली ती सकाळ आठवते. तीच एक माझ्या बाजूची साक्ष आहे.

या वर्षी बाजार पिसाळल्यासारखा चढला. भिंतीवरचा तुमचा भाव निम्मेबिम्मे काही न मानता, सरळ, उघडउघड लाल रेषेकडे निघाला. तीनशे, साडेतीनशे, तीनशे नव्वद. तुमचा मुलगा खूश. "आई, आलाच की गं भाव! मामाला फोन करू का, जागा साफ करून ठेव म्हणून?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मेथी निवडत होते, ती निवडतच राहिले. तुम्ही म्हणालात, "घाई नको. लागू दे आधी." त्या आठवड्यात तुम्ही जेवलात कमी आणि माझ्याशी भांडलातही कमी. घरात कुणी आजारी असल्यासारखं वाटत होतं.

आणि मग पेपरात आला चारशे सतरा. तुमचा मुलगा पहिल्या शिफ्टला गेलेला, आपण दोघीच. तुम्ही दिवाणावर, हातात बशी. "हं, वाच." मी तो आकडा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "तीनशे त्र्याण्णव."

"पडला?"

"पडला जरा."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. मग पेन्सिल माझ्यापुढे धरलीत. "आज तूच लाव ठिपका. माझा हात हलतो." पंधरा वर्षांत त्या पेन्सिलीला तुम्ही कुणाला हात लावू दिला नव्हता. मी चौकटीपाशी जाऊन चौकोन मोजत होते, आणि मागून तुमचा आवाज आला.

"रेषेच्या खालीच लाव गं. आणि तो पेपर लगेच रद्दीत घाल, सुहासच्या हाती नको."

मी वळून बघितलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत चहाचा घोट घेत होतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं होऊन गेली आहेत. पेपर पडतो सहाला आणि मी उठते साडेसहाला. तुम्हाला वाचता येत होतं, आई. सगळं वाचता येत होतं. तरी वाचायचं काम तुम्ही माझ्याकडेच ठेवलं होतंत.

"साखर कमी आहे चहात," तुम्ही म्हणालात.

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर गेला उडत."

यापलीकडे आपण त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही मी खोटा भाव वाचला, तिसऱ्या दिवशीही. तुम्ही रोज "बरं" म्हणालात. मनात होतं, की एखाद्या दिवशी, तुमचा मुलगा घरात नसताना, चहा दोनदा करून बसू आणि विचारू. आई, तुम्ही राहिलात ते माझ्यासाठी, की वणीच्या त्या रिकाम्या खोलीची तुम्हालाही भीती वाटायला लागली होती? पंधरा वर्षं जायची भाषा केल्यावर "मला इथेच राहायचंय" म्हणायला तुम्हाला जड गेलं असेल. मी एकदा, फक्त एकदा, "राहा हो इथेच, तुमच्याशिवाय करमत नाही" म्हटलं असतं, तर त्या रेषेची गरजच पडली नसती. पण आपल्याला दोघींना भांडणाशिवाय बोलता कुठे येत होतं? तुम्ही दुपारी जराशा आडव्या झालात आणि पतसंस्थेत मला फोन आला. ताट वाढून झाकलेलं होतं. त्या रात्री कुणी जेवलं नाही. सकाळी ते मी बाहेर टाकू शकले नाही, गारढोण खिचडी उभ्याने खाल्ली. आणि त्यात मीठ बरोबर होतं.

काल तुमच्या मुलाने पेपर उघडला. कधी नव्हे तो भावाचं पान काढलं, चष्मा वर केला, खाली केला. "सुनंदा, अगं चारशे एकतीस! रेषेच्या वर गेला की भाव!" आणि मग तो लहान मुलासारखा रडला. "थोडक्यात हुकलं गं. आईला बघायला मिळायला हवं होतं. वणीला जायचं म्हणत म्हणत गेली बिचारी." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. काय सांगू त्याला? की तुझी आई साडेतीन वर्षांपूर्वीच सुटली होती? की तिने आणि मी मिळून तुला फसवलं? सांगितलं तर तो विचारेल, का. आणि त्याचं अर्धं उत्तर तुम्ही घेऊन गेलात. आता या दोन खोल्यांत तो, मी आणि ही गोष्ट, असे तिघं राहणार. तुम्ही होतात तेव्हा गुपिताला निदान दोन माणसं होती.

तो म्हणतो, शेअर विकून टाकू, आलेख काढू, पूर्ण भिंतीला एकच रंग देऊ. मी म्हटलं, शेअरचं तुला हवं ते कर. भिंतीला हात लावायचा नाही. तो बघतच राहिला. एके काळी हीच बाई रंगारी घेऊन उभी होती, असं त्याच्या मनात आलं असणार.

आज सकाळी तो कामावर गेल्यावर मी चहा केला. दोन कप झाला, सवय. पेपर घेतला, उघडला किती, नाचला किती ते सोडून दिलं, झोपताना कुठे होता तेवढं वाचलं. मोठ्याने, खरा आकडा. चारशे सव्वीस. मग तुमची पेन्सिल घेतली, टोक केलं आणि चौकटीपाशी स्टूल ठेवून वर चढले. आपले ते खालचे खोटे ठिपके मी खोडलेले नाहीत, ते राहू देत. त्यांच्या पुढे, लाल रेषेच्या वर, चौकोन नीट मोजून मी ठिपका लावला. हात हलू दिला नाही.

भाव आला, आई. आता जायला तुम्ही मोकळ्या आहात, मी अडवत नाही.

कुलूप मात्र मी देणार नाही.